मॅक्वारींचा लग्नाचा किल्ट

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं. ज्याची भीती होती तेच झालं!

सासूबाईंचा फोन. चर्चहून आल्या आल्या, नेहमीसारखा. आधी वारा किती सुटलाय, मग बोटी कशा बंद आहेत, मग हेक्टरच्या मेंढ्या. आणि मग एकदम, रोरीचं लग्न ठरलं. चौदा जूनला, डर्व्हेगच्या चर्चमध्ये. मुलीचं नाव उना, टोबरमोरीच्या शाळेत शिकवते. मी म्हटलं, अगंबाई, छान झालं! खरंच छान वाटलं. रोरी माझ्या दिराचा, हेक्टरचा मुलगा. लहान असताना उन्हाळ्यात आमच्याकडे ग्लासगोला यायचा आणि दिवसभर माझ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून फिरायचा.

मग म्हणाल्या, "किल्ट तुझ्याकडे आहे तो घेऊन ये. चार दिवस आधी आलीस तर बरं. अंगाला बसवून बघता येईल."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

किल्ट माझ्याकडे नाही. किल्ट माझ्या नवऱ्याच्या, लॅकीच्या अंगावर आहे, आणि लॅकी नोव्हेंबरपासून डर्व्हेगच्या दफनभूमीत आहे.

१७ फेब्रुवारी

आज बस चालवताना एक अख्खा स्टॉप सोडून पुढे गेले. लोकांनी शिव्या घातल्या. नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

हा किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुणीदार घागराच म्हणा, लॅकीच्या आजोबांचा. महायुद्धाच्या आधी शिवलेला. जाड लोकर, हातात घेतला तर भरलेल्या बादलीएवढा जड. मॅक्वारी कुळाचं टार्टन, त्यांची ठरलेली चौकटींची नक्षी — लाल, त्यावर हिरवे पट्टे आणि मधून एक बारीक आकाशी रेघ. या घरातला प्रत्येक मुलगा त्याच किल्टमध्ये लग्नाला उभा राहिलाय. आजोबा, मग सासरे, मग लॅकी, मग हेक्टर. कुणाचं पोट मोठं, कुणाचं लहान — बाजूचे चामड्याचे पट्टे उसवायचे, सरकवून पुन्हा शिवायचे, झालं काम. सांभाळायचा मान थोरल्या मुलाच्या घराला. म्हणजे आम्हाला.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी लॅकी म्हणाला, मला किल्ट घाल हं, तो सूट नको. सुटात मी विमा विकायला आल्यासारखा दिसतो. मी हसले होते. नंतर अंत्यसंस्कारवाल्यांनी कपडे मागितले तेव्हा कपाटातली पिशवी काढून दिली. घरात किल्ट एकच! त्या वेळी घराणं, मान, रोरीचं लग्न, यातलं काही माझ्या डोक्यात होतं का? काही म्हणजे काही नव्हतं. नवऱ्यानं मागितलं, मी दिलं.

पेटी बंदच ठेवा असंही मीच सांगितलं. आजारपणात त्याचा चेहरा त्याचा राहिला नव्हता. मग बोटीनं मल बेटावर, त्याच्या गावी नेलं, एक रात्र सासूबाईंच्या पुढच्या खोलीत पेटी ठेवली, सकाळी माती दिली. कुणी काही पाहिलं नाही. परत येताना बोटीवर चहाचा कप हातात धरून बसले होते, तेव्हा लख्ख आठवलं की तो किल्ट नुसता लॅकीचा नव्हता.

तेव्हापासून तिकडे गेलेले नाही. नाताळला बोलावलं होतं. ड्युटी आहे म्हणून सांगितलं. ड्युटी नव्हती.

१८ फेब्रुवारी

खरं सांगून टाकावं का?

नाही. सासूबाई ओरडणार नाहीत, तेच वाईट. ओठ मिटून "बरं" म्हणतील आणि संपलं. इतकी वर्षं झाली तरी त्या घरात मी "ग्लासगोची" आहे. आम्हाला मूल नाही. लॅकी होता तोवर मी लॅकीची बायको होते. आता कोण आहे? किल्ट सांभाळणारी, एवढंच. आणि तोच मी पुरून बसले. हे कळलं तर माझं त्या घरात काय काम उरलं?

ठरलं. तसाच दुसरा शोधायचा. जून लांब आहे.

१९ फेब्रुवारी

इंटरनेटवर जगातलं सगळं मिळतं म्हणतात. मॅक्वारींचा किल्ट मिळत नाही.

मोठ्या कुळांचे ढिगानं आहेत. शिवाय फुटबॉल क्लबांचे, कुत्र्यांचे — हो, कुत्र्यांना घालायचे किल्ट! मॅक्वारी कुळ छोटं, एका बेटावरचं. त्यांचं कापड कुणी तयार ठेवत नाही. विणकरांना ऑर्डर द्यायची, मग शिवणारे वेगळे, त्यांची ऑगस्टपर्यंत रांग. आणि किंमत! तेवढ्या पैशांत लॅकी आणि मी दहा दिवस स्पेनला जाऊन आलो होतो.

जुनाच शोधायला हवा. तसंही मला जुनाच दिसायला हवाय.

२३ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंचा फोन. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, किल्ट पोस्टानं पाठवू का? म्हणजे मला जायलाच नको, आणि पोस्टात हरवला म्हणून सांगता येईल. हे आपलं मनात.

नको म्हणाल्या. पोस्टाचा काय भरवसा. "तूच घेऊन ये."

आता माझ्यावर भरवसा नाही की पोस्टावर, कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

मिळाला! जाहिरातीत "मॅक्वारी, पुरुषांचा, उत्तम" असं लिहिलेलं. किंमत इतकी कमी की मला तिथेच कळायला हवं होतं.

आज पाकीट आलं. पाकीट! खरा किल्ट पाकिटात मावत नाही. उघडलं तर टेबलक्लॉथ. हवेनं उडेल असा. मागच्या चुण्यांवर रेघा कुठल्या कुठे गेलेल्या — खऱ्या किल्टमध्ये चुण्या अशा घालतात की मागूनही नक्षी अखंड दिसते. बकलांच्या जागी चिकटपट्टी. वरच्या मजल्यावरची सेंगा चहाला आली होती. तिनं तो कमरेला लावला, गोल फिरली आणि म्हणाली, "विमानतळावर उभी राहते, चॉकलेट विकते."

परत पाठवला. पाठवायचा खर्च माझा!

९ मार्च, रविवार

सासूबाई: उनाचे आईवडील चांगले आहेत. हेक्टरचा गुडघा सुजलाय. किल्टला कसर लागली नाही ना, बघ जरा.

बघते म्हटलं.

१४ मार्च

दुसरा गाढवपणा. हा पूर्ण माझा.

एका लिलावाच्या साइटवर दिसला: "मॅक्वारी, प्राचीन, शुद्ध लोकर." प्राचीन वाचलं आणि हुरळले. बोली लावत गेले, कुणीतरी इन्व्हरनेसचा माझ्याविरुद्ध चढत होता, मीही हटले नाही. जिंकले. आज आला. वजन बरोबर, शिवण झकास, चुण्या सुरेख. रंग? गाजर आणि वाटाणे!

टार्टनच्या धंद्यात "प्राचीन" म्हणजे जुना नव्हे. जुन्या झाडपाल्याच्या रंगांसारखे फिकट रंग, एवढाच अर्थ. किल्ट गेल्या वर्षीचाही असू शकतो. आणि आजोबांचा शंभर वर्षांचा गडद लाल किल्ट यांच्या भाषेत "आधुनिक"! हे मला ठाऊक होतं. इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. लग्न करून मॅक्वारी झाले त्या वर्षी लॅकीनंच समजावलं होतं. आता पाहायला असता तर हसून हसून लोळला असता.

परत विकायला काढला. तासाभरात इन्व्हरनेसवाल्याचा मेसेज. त्याला तोच रंग हवा होता. निदान एक माणूस सुखी झाला.

२१ मार्च

काही नाही. पाऊस, बस, खिमा आणि बटाटे. रोज जेवल्यावर तासभर फोनवर किल्ट बघायचे, हाच उद्योग.

३० मार्च, रविवार

आज सासूबाईंनी विचारलं, जेवलीस का, काय केलंस. आधी कधी विचारायच्या नाहीत. मी म्हटलं सूप. म्हणाल्या, कशाचं? जवाचं की डाळीचं? त्यांच्याशी अर्धा तास सूपावर बोलले!

फोन ठेवताना नेहमीचं, "किल्ट जपून हं."

५ एप्रिल

एक जाहिरात सापडली. फोटो एकच, तोही अंधुक. कपडे वाळत घालायच्या दोरीवर किल्ट, बाजूला कुत्र्याचं शेपूट. खाली लिहिलंय: "मॅक्वारी. गडद रंग. चांगला आहे. माझं पोट उरलं नाही म्हणून विकणे. मेसेज करू नये, फोन करावा." गाव किरीम्यूर.

उद्या करते.

६ एप्रिल

फोन केला. वॉटी गेडिस नावाचा म्हातारा. आयुष्यभर रासबेरीचे मळे केले. आई मॅक्वारी, म्हणून किल्ट. आवाज खणखणीत.

मी विचारणार त्याच्या आधी तोच विचारत सुटला. कुणासाठी हवा? पुतण्यासाठी. पुतण्या मॅक्वारी आहे का? आहे. कुठले मॅक्वारी? मलचे. मलला कुठे? डर्व्हेग. बापाचं नाव काय, काय करतो, मेंढ्या किती? मला वाटलं, हा किल्ट विकतोय की मुलगी देतोय! म्हणाला, एका नाटक मंडळीनं मागितला होता, नाही दिला. एकानं सोफ्याचं कापड करायला मागितला, त्याला तर तोंड भरून ऐकवलं.

मग म्हणाला, "पण मलच्या मॅक्वारींकडे स्वतःचा किल्ट नाही, हे कसं?"

काय झालं कुणास ठाऊक. इतके दिवस कुणाला, सेंगालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं, आणि या अनोळखी म्हाताऱ्यापुढे सगळं भडाभडा बोलले. हॉस्पिटल, सूट, पिशवी, बंद पेटी, सासूबाई, सगळं.

मग म्हणाला, "म्हणजे तुझा नवरा नीट कपड्यात गेला. शनिवारी ये. सूप करून ठेवतो."

१२ एप्रिल, शनिवार

किरीम्यूरला जाऊन आले. दुसऱ्याच्या बसमध्ये बसलं की मला चैन पडत नाही. ड्रायव्हर ब्रेक फार जोरात मारत होता.

वॉटी खरंच काठीसारखा बारीक झालाय. काय आजार ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, लॅकीला पाहिलेलं आहे. स्वयंपाकघरात टेबलावर किल्ट पसरून ठेवला होता. हात लावून बघितला. तोच लाल. तोच हिरवा. तीच आकाशी रेघ. तेवढाच जड. क्षणभर वाटलं, मातीतून परत वर आला.

फक्त एक. कोरा करकरीत दिसतो! वॉटीनं तो हातावर मोजण्याइतक्या लग्नांना घातला, बाकी कपाटात. चुण्या सुरीसारख्या धारदार. आजोबांच्या किल्टच्या चुण्या बसून बसून मऊ झालेल्या होत्या, बसायच्या जागी लोकर चकाकायची. सासूबाईंनी तो दर लग्नाला स्वतः इस्त्री केलाय. त्यांच्या हाताला लगेच कळणार.

मी विचारलं, याला जुना कसा करायचा? दगडावर घासू? उन्हात टाकू? वॉटी म्हणाला, "खुळी का काय! कापडाचा जीव जाईल. किल्ट जुना करायचा तर एकच उपाय. घालायचा."

कुणी घालायचा?

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझी कंबर माझ्या आधीच्या कमरेएवढी दिसते."

लांब दोऱ्यानं चुण्या कशा टाचून ठेवायच्या, ओलं फडकं घालून इस्त्री कशी करायची, तेही दाखवलं. पैसे अर्धेच घेतले. मी पूर्ण देत होते, तर कुत्र्याला म्हणाला, हिला बाहेर सोडून ये.

१३ एप्रिल, रविवार

आज पहिल्यांदा घातला. दार बंद, पडदे ओढलेले. पुरुषाचा किल्ट बेंबीपर्यंत वर येतो. बकलं दोन उजवीकडे, एक डावीकडे. आरशात बघितलं. छप्पन्न वर्षांची बाई, वर झोपायचा शर्ट, खाली मॅक्वारी. हसायला आलं.

पण ऊब! कमरेभोवती कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटतं. तसाच घालून टीव्ही बघितला, तसाच घालून बटाटे सोलले.

सासूबाईंचा फोन आला तेव्हाही अंगावर तोच. "किल्ट ठीक आहे ना?" "ठीक आहे." निदान आज खोटं नव्हतं.

२२ एप्रिल

कचरा टाकायला खाली गेले, किल्ट काढायचं विसरले. जिन्यात सेंगा.

"काय गं, सैन्यात भरती झालीस?"

घरात घेतलं, सगळं सांगितलं. ऐकलं, सिगरेट पेटवली आणि म्हणाली, मग वासाचं काय? बरोबर. जुन्याला कापराचा, धुराचा, लग्नातल्या व्हिस्कीचा वास होता. याला रासबेरीच्या मळ्याचाही नाही. तर आता सेंगा रोज संध्याकाळी माझ्याकडे बसून किल्टसमोर सिगरेट ओढते. मैत्रीखातर, म्हणते. माझी व्हिस्कीही संपवते. तीही मैत्रीखातरच.

१ मे

आता घरी आले की आधी तोच चढवते. गणवेश काढायचा, किल्ट घालायचा. पावसात पार्कला एक फेरी मारून आले. लोकांनी बघितलं. बघू देत.

चालताना मागच्या चुण्या डावी-उजवीकडे हलतात. लॅकीच्या अशाच हलायच्या. लग्नाच्या दिवशी चर्चच्या रस्त्यावर तो पुढे चालत होता आणि मी मागून गाडीतून येत होते, तेव्हा माझं लक्ष तिकडेच. आज पार्कमध्ये ते आठवलं आणि बाकावर बसून रडले. बदकं जमली. त्यांना वाटलं पाव मिळणार.

नोव्हेंबरनंतर आजच मोकळेपणानं रडले.

११ मे, रविवार

आज धीर केला. म्हटलं, आई, एक सांगायचं होतं, त्या किल्टबद्दल —

मध्येच तोडलं. "फोनवर काय सांगतेस. आलीस की सांग." आणि लगेच उनाच्या आईच्या टोपीवर गेल्या. टोपी फार मोठी आहे म्हणे, मागच्या बाकावरच्यांना पाद्री दिसणार नाही.

धीर एकदाच होतो. तो आज गेला.

१९ मे

वॉटीला फोन केला, किल्टची प्रगती सांगायला. त्याच्या मुलीनं उचलला. बाबा झोपलेत म्हणाली, पण तुमचा फोन आला तर विचारायला सांगितलंय — बसायच्या जागी चकाकी आली का?

आली, म्हटलं. सांगा त्यांना, आली.

४ जून

पट्टे सरकवून घेतले. रोरीनं माप कळवलंय. त्याची कंबर माझ्यापेक्षा बरीच कमी, मेल्याची. आधीच्या शिवणीची भोकं दिसतात, तेही बरंच झालं. चुण्या टाचल्या, इस्त्री केली, पिशवीत घातला. आता तो माझा नाही. घरात थंडी वाजायला लागली. जूनमध्ये!

१० जून

ओबानहून बोट पकडली. समुद्र शांत. मागच्या वेळी या बोटीत खाली गाड्यांच्या डेकवर लॅकी होता. आज मी वर गेलेच नाही, गाडीतच बसून राहिले, मांडीवर पिशवी घेऊन.

धक्क्यावर हेक्टर. त्यानं मिठी मारली. तो कधी मारत नाही.

सासूबाई दारात उभ्या. आणखी लहान झाल्यात. म्हणाल्या, बारीक झालीस, आत ये. पिशवी घेतली, उघडली, किल्ट बाहेर काढला. त्यांनी दोन्ही हातांनी तो चाचपला, वास घेतला, उजेडात धरून बघितला. बराच वेळ.

"चांगला आहे," म्हणाल्या, आणि आत नेऊन टांगला.

एवढंच.

११ जून

रोरीनं घालून बघितला. मापात बसला. पोरगा देखणा दिसतो, उंची लॅकीची. हेक्टर जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, आजोबांचा किल्ट तो आजोबांचा किल्ट! सासूबाई भाकरीसारखी ओटची बिस्किटं लाटत होत्या, वर बघितलंही नाही.

फसले. सगळे फसले. मग मला बरं का वाटत नाही?

१४ जून, शनिवार

लग्न लागलं. थोडा पाऊस, मग ऊन. उना गोड आहे, टोपीवाली आई खरंच अडचण आहे. रोरी चर्चच्या दारातून बाहेर आला तेव्हा मागून त्या चुण्या हलल्या आणि मला रुमाल काढावा लागला. लोकांना वाटलं लग्नाचं रडतेय.

फोटोला मी कडेला उभी राहत होते. सासूबाईंनी दंड धरून ओढलं आणि हेक्टरच्या आधी, आपल्या शेजारी उभं केलं. मग हॉलमध्ये नाच. हेक्टरनं सुजल्या गुडघ्यानं मला दोनदा फिरवलं. इतकी मजा केली की लाज वाटली. मी खोटा किल्ट देऊन या लोकांचं जेवतेय. उद्या सांगणार. मग काय व्हायचं ते होऊ दे.

१५ जून, रविवार

चर्चनंतर सासूबाई म्हणाल्या, चल, लॅकीकडे जाऊ. दोघीच गेलो. दगड नवा आहे, अजून शेवाळ धरलेलं नाही. मी तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "ग्लासगोवाल्यांनी डावीकडचा पट्टा ढिला लावला होता. मी आवळला."

मला कळेना. कुठला पट्टा?

"त्या रात्री तू झोपेची गोळी घेऊन झोपलीस. हेक्टरनं झाकण काढून दिलं. माझा मुलगा होता, पोरी. मी बघणार नाही होय? छान दिसत होता. तू योग्य तेच घातलंस."

हेक्टरला ठाऊक. रोरीलाही. त्यानं लग्नासाठी, मला कळवायच्या आधीच, जानेवारीत किल्ट भाड्यानं सांगून ठेवला होता.

मी म्हटलं, "आई, मग माझ्याकडे मागत का राहिलात?"

"नाताळला ये म्हटलं, आली नाहीस. लग्नाला नुसतंच ये म्हटलं असतं, तर आली असतीस?"

नसते आले.